वारसदार नेमका कधी निवडायचा?

२०२० साली अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघाने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्सला एखादा चांगला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) देण्याऐवजी नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्टच्या) पहिल्याच फेरीत त्याचा वारसदार म्हणून जॉर्डन लव्हची निवड केली, ही घोडचूक होती, असे काही जण म्हणतात. ते मला अर्धेच पटते. याच संघाने २००५ मध्ये, तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा असताना, २४व्या क्रमांकावर खुद्द रॉजर्सला निवडले होते आणि तीन हंगाम बाकावर बसवून २००८ मध्ये संघाची सूत्रे त्याच्या हाती दिली होती. तेव्हा दूरदृष्टी ठरलेली गोष्ट आता चूक कशी?

फरक पडला तो पैशांच्या गणितात. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारानंतर नवोदितांचे वेतन मर्यादित झाले, त्यामुळे पहिल्या करारातील चार-पाच वर्षे हाच तरुण क्वार्टरबॅकचा खरा फायदा असतो, कारण वेतनमर्यादेत (संघाच्या एकूण वेतनखर्चावरील मर्यादेत) वाचलेला पैसा उरलेल्या संघावर खर्च करता येतो. लव्हची त्यातली तीन वर्षे बाकावरच गेली. त्यात रॉजर्सने २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला! (उतारवयाचा अंदाज बांधणे किती अवघड असते ते पाहा.)

पॅट्रियट्स या दुसऱ्या संघाने उलट केले: २०१७ मध्ये राखीव तरुण क्वार्टरबॅक जिमी गारोपोलोला दुसऱ्या संघाकडे धाडून चाळिशीतल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीवर भरवसा ठेवला आणि त्याच्याबरोबर आणखी एक सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला, मात्र २०२० मध्ये ब्रेडी संघ सोडून गेला, तेव्हा त्यांच्याकडे तयार वारसदार नव्हता.