वेल्डेड स्टेनलेस पाइपवरील अनुदानविरोधी शुल्क : लहान कारखानदाराने आपले म्हणणे कुठे मांडायचे?

प्रश्न (रबाळे, फॅब्रिकेशन व्यवसाय)

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत माझे स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनचे लहान युनिट आहे. सोसायट्यांच्या जिन्यांची रेलिंग, हॉटेलांच्या किचनमधील टेबले, रुग्णालयांच्या ट्रॉल्या अशी कामे आम्ही करतो आणि त्यासाठी लागणारा वेल्डेड पाइप, बहुतेक करून ३०४ ग्रेडचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घेतो. चीन आणि व्हिएतनाममधून येणाऱ्या या पाइपवर सप्टेंबर २०१९ मध्ये अनुदानविरोधी शुल्क, म्हणजे तिथल्या सरकारच्या मदतीमुळे स्वस्त पडणाऱ्या मालावर लावतात ते, व्यापारी ज्याला सीव्हीडी म्हणतात, लागू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत आणखी पाच वर्षांसाठी वाढली. दर १२ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आहेत, एवढे वर्तमानपत्रांतून वाचले.

एकाच देशातून येणाऱ्या, एकाच मापाच्या पाइपवर एका कंपनीला कमी आणि दुसरीला जास्त दर कशाच्या आधारावर लागतो? तिथल्या सरकारने तिथल्या कारखान्याला नेमकी किती मदत केली, हे दिल्लीत बसून कसे ठरवतात? ज्या कॉइलपासून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीपासून, हा पाइप बनतो, तिच्यावरचे असेच शुल्क काढून टाकले गेले. मग पाइपवरचे का राहिले? आणि मला सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न असा की, हा निर्णय होत असताना पाइप विकत घेऊन त्यावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेते का? रेलिंगचे काम आम्ही ठरलेल्या दराने अंगावर घेतो. मध्येच पाइप महागला, तर वाढीव रक्कम सोसायटीकडून मिळत नाही आणि फरक आमच्या खिशातून जातो. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ (पनवेल, सीमाशुल्क क्लिअरिंग)

न्हावा शेवा बंदरातील मालाच्या क्लिअरिंगचे काम मी करतो, त्यामुळे शुल्क प्रत्यक्षात कसे आकारले जाते, तेवढेच सांगतो. दर कसा ठरतो, हे त्यातील माहीतगारांनी लिहावे.

हे शुल्क सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ९ खाली लागते. कलम ९अ खाली अँटी-डंपिंग ड्युटी (निर्यातदार कंपनीने पाडलेल्या भावावरचे शुल्क) येते आणि कलम ८ब खाली सेफगार्ड ड्युटी (आयात अचानक वाढल्यावर देशी उद्योगाच्या बचावासाठीचे शुल्क). बाजारात या तिन्हींची सरमिसळ होते आणि त्यातून चुकीचे भाव सांगितले जातात. एप्रिल २०२५ मध्ये पोलादाच्या सपाट उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के हंगामी सेफगार्ड ड्युटी लागली, तिच्यातून स्टेनलेस स्टील वगळलेले होते. त्यामुळे त्या ड्युटीचे कारण सांगून कोणी स्टेनलेस पाइपचा भाव वाढवून मागितला असेल, तर ते कारण ग्राह्य धरू नये.

आकारणीचा हिशेब असा. मालाचे सीमाशुल्कासाठी धरलेले मूल्य आणि त्यावरील मूळ सीमाशुल्क मिळून जी रक्कम होते, तिच्यावर सीव्हीडीचा टक्का लागतो. समजा ही रक्कम किलोला २०० रुपये आहे आणि त्या उत्पादकाचा दर २५ टक्के आहे, तर सीव्हीडी ५० रुपये झाली. त्यानंतर या २५० रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरील जीएसटी), म्हणजे ४५ रुपये. या ४५ रुपयांचे क्रेडिट, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजावट, आयातदाराला मिळते, पण ५० रुपयांचे मिळत नाही. ते पाइपच्या किमतीतच राहतात आणि कळंबोलीमार्गे तुमच्या बिलात येतात. जीएसटीपूर्वी सीव्हीडी या नावाने ओळखले जाणारे अतिरिक्त सीमाशुल्क निराळे होते. ते उत्पादन शुल्काच्या बरोबरीचे होते, त्याचे क्रेडिट कारखानदाराला मिळत असे आणि १ जुलै २०१७ पासून ते जीएसटीत विलीन झाले. क्रेडिट का मिळत नाही, असे विचारणाऱ्या जुन्या मंडळींच्या मनात अजून तेच शुल्क असते.

दर उगमदेश आणि उत्पादक यांवर ठरतो, माल विकणाऱ्या व्यापाऱ्यावर नाही. म्हणून बिल ऑफ एंट्रीसोबतच्या (आयातीच्या सीमाशुल्क कागदासोबतच्या) मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे कारखान्याच्या चाचणी दाखल्यावर, कारखान्याचे नाव काय आहे, हे मी सर्वांत आधी पाहतो. अधिसूचनेत त्या कारखान्याचे नाव आणि दर स्वतंत्रपणे दिलेला नसेल, तर 'इतर सर्व' या ओळीतला दर लागतो आणि तो बहुधा सर्वांत जास्त असतो. व्हिएतनामचा माल आसियान कराराखाली मूळ सीमाशुल्कात सवलत मागू शकतो, मात्र सीव्हीडी त्या सवलतीत येत नाही. निर्यातीच्या ऑर्डरसाठी अॅडव्हान्स ऑथोरायझेशनवर (निर्यातमालासाठी शुल्कमाफ आयातीच्या परवान्यावर) पाइप आणला, तर सीव्हीडी माफ असते. पण आपले काम देशातल्या देशातले असल्याने त्याचा आपल्याला उपयोग नाही.

उत्तर २ (तळोजा, पाइप मिल)

तळोज्यातील एका पाइप मिलमध्ये मी कॉस्टिंग पाहतो, म्हणजे या शुल्कामुळे ज्यांना संरक्षण मिळते त्यांच्यापैकी मी आहे. माझे म्हणणे त्या दृष्टीने तोलून घ्यावे.

अनुदान म्हणजे कारखान्याच्या हातात ठेवलेली रोख रक्कम, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते कमी व्याजाच्या कर्जात, स्वस्त जमिनीत, सवलतीच्या विजेत, माफ केलेल्या करात आणि सरकारी कंपनीने स्वस्तात पुरवलेल्या कच्च्या मालात दडलेले असते. यातील प्रत्येक लाभ बाजारभावाशी ताडून मोजावा लागतो. उदाहरणार्थ, एखाद्या मिलला १०० कोटींचे कर्ज ४ टक्क्यांनी मिळाले आणि तशाच कर्जाला बाजारात ९ टक्के पडले असते, तर वर्षाचा लाभ ५ कोटी. त्या मिलची वर्षाची विक्री ५०० कोटी असेल, तर या एका योजनेपोटी अनुदान १ टक्का झाले. अशा सर्व योजनांची बेरीज करून त्या उत्पादकाचा अनुदानाचा टक्का निघतो. शिवाय ती योजना ठरावीक उद्योगाला, ठरावीक कंपन्यांना किंवा ठरावीक प्रदेशाला दिलेली असावी लागते. देशातील सर्वांना सारखीच मिळणारी सवलत यात धरता येत नाही. एकूण अनुदान १ टक्क्यापेक्षा कमी, आणि विकसनशील देशाच्या बाबतीत २ टक्क्यांपेक्षा कमी निघाले, तर चौकशी तिथेच थांबते. दर वेगवेगळे असण्याचे कारण यातच आहे. ज्या उत्पादकाने प्रश्नावलीची उत्तरे देऊन आपली कागदपत्रे उघड केली, त्याचा टक्का त्याच्या आकड्यांवरून निघतो. जो गप्प बसला, किंवा ज्याच्या सरकारने माहिती दिली नाही, त्याचा टक्का उपलब्ध माहितीवरून काढतात आणि तो साहजिकच जड पडतो.

आता कॉइलबद्दल. चीनमधून येणाऱ्या हॉट रोल्ड आणि कोल्ड रोल्ड स्टेनलेस सपाट उत्पादनांवर सप्टेंबर २०१७ मध्ये १८.९५ टक्के सीव्हीडी लागली. पाइपवर मात्र त्या वेळी काही नव्हते. आमच्या मिलमध्ये कॉइल स्लिटिंगला जाते, तिच्या पट्ट्या निघतात, पट्टी रोलमधून वळत वळत गोल होते, टिग वेल्डिंगने सांधा बसतो, मग पॉलिश होते. या सगळ्या कामाचा खर्च पट्टीच्या किमतीपुढे थोडा असतो. त्यामुळे पट्टी महाग आणि त्याच पट्टीचा परदेशात बनलेला पाइप बिनशुल्काचा, अशी दोन वर्षे आम्ही काढली. मिलच्या लाइन आठवड्यातले काही दिवस बंद ठेवाव्या लागत होत्या आणि रोल बदलणारे, वेल्डिंगवरचे मुरलेले कामगार त्या काळात काम सोडून गेले. ते पुन्हा मिळाले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पाइपवर शुल्क आले, ते या पार्श्वभूमीवर.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कॉइलवरचे शुल्क तात्पुरते स्थगित झाले आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ते कायमचे रद्द झाले. धातूंचे चढे भाव हे कारण अर्थमंत्र्यांनी दिले होते. इंडोनेशियाच्या सपाट मालावरील हंगामी सीव्हीडीही २०२१ मध्येच मागे घेतली गेली. परिणामी आज कच्चा माल सीव्हीडीविना आणि तयार पाइप सीव्हीडीच्या आडोशाला, अशी आमची सोयीची स्थिती आहे. रबाळ्याच्या मित्रांना हे खटकले, यात मला काही गैर वाटत नाही. फक्त पाइपवरचे शुल्क काढणे हा त्यावरचा उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. कारण अनुदान सिद्ध झाले आहे, मुदत वाढवण्यापूर्वीच्या आढाव्यात ते पुन्हा तपासले गेले आहे, आणि परदेशी तिजोरीशी स्पर्धा करणे कोणत्याही मिलच्या आवाक्यातले नाही.

उत्तर ३ (ठाणे, व्यापार कायद्याचा सराव)

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मूळ प्रश्नातील शेवटच्या भागाकडे मी जास्त लक्ष देतो, कारण दाद मागण्याची जागा तिथे आहे.

या प्रक्रियेत दोन मंत्रालये आहेत. चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर. ते मे २०१८ मध्ये आजच्या रूपात आले. त्याची शिफारस अर्थ मंत्रालयाकडे जाते आणि शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते. शिफारस झाली म्हणजे शुल्क लागलेच, असे नसते. चौकशी सुरू होण्यापूर्वी निर्यातदार देशाच्या सरकारला सल्लामसलतीसाठी बोलवावे लागते, अर्जामागे देशांतर्गत उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा असणाऱ्या उत्पादकांचा पाठिंबा असावा लागतो, आणि चौकशी एका वर्षात, फार तर १८ महिन्यांत पूर्ण करावी लागते. अनुदान आहे, देशी उद्योगाचे नुकसान आहे आणि ते नुकसान त्या अनुदानित आयातीमुळेच झाले आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. सेफगार्ड ड्युटीत परदेशी सरकारने काही चुकीचे केले, असे दाखवावेच लागत नाही. माझ्या मते म्हणूनच अनुदानविरोधी शुल्क हे या तिन्हींतले सर्वांत समर्थनीय साधन आहे: ज्याच्या विरुद्ध ते लागते, त्याचे वर्तन मोजून दाखवावे लागते.

हीच मोजणी आपल्यालाही लागू होते, हे विसरता येणार नाही. भारतातील हॉट रोल्ड पोलादावर अमेरिकेने असेच शुल्क लावले होते आणि त्यात एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीकडून मिळणारे लोहखनिज हे सरकारी अनुदान धरले होते. भारताने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये अपील मंडळाने सांगितले की, सरकारकडे बहुसंख्य शेअर आहेत एवढ्यावरून कंपनी 'सार्वजनिक संस्था', म्हणजे जिची मदत सरकारी अनुदान धरता येते अशी संस्था, ठरत नाही. तिच्याकडे शासकीय अधिकार आहे का, हे तपासावे लागेल. हा मुद्दा आपण तिथे जिंकला असेल, तर चीनमधील प्रत्येक सरकारी बँकेचे कर्ज आपोआप अनुदान धरण्याचा मोह आपल्या चौकशीनेही टाळला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये युरोपीय महासंघाने कोल्ड रोल्ड स्टेनलेसवर शुल्क लावले, तेव्हा इंडोनेशियातील कारखान्यांना मिळालेला चिनी पैसाही त्यांनी इंडोनेशियाचेच अनुदान मानला. त्याच निर्णयात भारतीय उत्पादकांवर ४.३ ते ७.५ टक्के शुल्क बसले.

आता आपले म्हणणे. ज्या मालाची चौकशी चालू आहे, तो वापरणाऱ्या उद्योगांना माहिती देण्याची संधी मिळालीच पाहिजे, असे १९९५ चे नियम सांगतात. डीजीटीआर चौकशीची सूचना प्रसिद्ध करते, वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र प्रश्नावली असते आणि उत्तरासाठी साधारण ३० दिवस मिळतात. अडचण अशी की, उत्पादकांकडे वकील आणि कॉस्ट अकाउंटंट असतात, तर वापरकर्त्यांना सूचना निघाल्याचे शुल्क लागल्यावरच कळते. त्यामुळे फाइलमध्ये तुमच्या बाजूचा कागदच नसतो आणि सार्वजनिक हिताच्या परिच्छेदात 'वापरकर्त्यांवर लक्षणीय परिणाम होणार नाही' असे लिहिणे सोपे जाते. मला ही या व्यवस्थेतली सर्वांत गंभीर त्रुटी वाटते आणि ती केवळ कायदा बदलून भरून निघणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता (रबाळे)

तिघांचेही मनापासून आभार. आम्ही थेट आयात करत नाही, आमच्याकडे फक्त कळंबोलीच्या व्यापाऱ्यांची बिले आहेत. अशा स्थितीत आम्ही वापरकर्ते म्हणून पात्र ठरतो का? आणि आता पुढची पाच वर्षे संपेपर्यंत थांबणे एवढेच हातात आहे का?

उत्तर ४ (ठाणे, व्यापार कायद्याचा सराव)

पात्र ठरता. वापरकर्ता आयातदारच असला पाहिजे, अशी अट नाही. सीमाशुल्क अपिलीय न्यायाधिकरणात कलम ९क खाली अपील करण्याची ९० दिवसांची मुदत उलटून गेली आहे, पण परिस्थिती बदलल्याचा पुरावा देऊन मधल्या काळात आढावा मागता येतो. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातील आणि वागळे इस्टेटमधील फॅब्रिकेटरांनी संघटनेमार्फत एकत्र जावे, हे उत्तम. सोबत एकाच मापाच्या आणि ग्रेडच्या पाइपचे महिनावार खरेदी दर, तयार वस्तूच्या खर्चात पाइपचा वाटा, आणि देशी मिलने हवे ते माप वेळेत दिले नाही अशी लेखी उदाहरणे असावीत. 'पाइप महागला' या वाक्याला तिथे किंमत नाही, बिलाला आहे. ज्या गोष्टी गोपनीय ठेवायच्या आहेत, त्यांचा उघड सारांशही द्यावा लागतो, अन्यथा तो पुरावा विचारात न घेण्याचा अधिकार त्यांना आहे.

उत्तर ५ (तळोजा, पाइप मिल)

आढावा मागताना एक धोका लक्षात घ्यावा: फेरतपासणीत अनुदान जास्त निघाले, तर दर वाढूही शकतो, आणि आम्ही उत्पादक म्हणून त्या वेळी आमची बाजू नेटाने मांडणारच. पण कॉइलवर पुन्हा सीव्हीडी लावावी, असा अर्ज उद्या मोठ्या स्टेनलेस उत्पादकांनी केला, तर त्या चौकशीत पाइप मिल आणि फॅब्रिकेटर दोघेही वापरकर्ते असतील. तेव्हाची प्रश्नावली आपण मिळून भरू शकतो. पट्टीचा आणि पाइपचा खर्च कसा मांडायचा, त्याचा तक्ता तयार करून देण्याची जबाबदारी मी घेतो.