हिरोशिमाची फिल्म नववीच्या मुलांना दाखवावी का?

खडूफळा: ६ ऑगस्टला वर्गात अमेरिकी चित्रपट-इतिहासकार एरिक बार्नो यांची १९७० ची १६ मिनिटांची फिल्म लावली. रात्री एका आईचा निरोप: पोर झोपत नाही, पुस्तकातला अणुबॉम्बच्या ढगाचा फोटो पुरत नव्हता का? नव्हता! ढग विमानातून दिसतो, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्याच्या जागेवरून. खाली काय झालं ते जपानी कॅमेरामननी सप्टेंबर १९४५ पासून टिपलं, त्यातूनच ही फिल्म झाली. नागासाकीत त्यांच्यातल्या एकाला अमेरिकी सैनिकांनी पकडलं. १९४६ मध्ये रिळं अमेरिकेत गेली, जपानला प्रत मिळाली ती थेट १९६७ मध्ये. इतकी वर्षं अमेरिकेनं दडवलं, आता आपण झाकायचं?

मधुमालती: साफ असहमत. दडवणं वेगळं, आब राखणं वेगळं. सुमितेरु तानिगुची नागासाकीत सायकलवरून टपाल वाटणारा १६ वर्षांचा पोरगा, बॉम्बनं भाजला. जानेवारी १९४६ मध्ये इस्पितळात पालथा पडलेला असताना त्याची सोललेली लाल पाठ अमेरिकनांनी रंगीत फिल्मवर घेतली. त्याला विचारलं असेल कुणी? माझी मावशी स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. नंतर लग्नाकार्यातही फोटोला उभी राहिली नाही.

बंडोपंत: आणि १९३७ मध्ये जपान्यांनी चीनमधल्या नानजिंगला कत्तल केली, ती?

खडूफळा: बंडोपंत, त्यावर वेगळा धागा काढा, येतो तिथे. मधुमालतीताई, मावशींचं कळलं. पण तानिगुचींनी पुढे स्वतःच त्या पाठीचा फोटो जगभर दाखवला. २०१० मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांतसुद्धा.

मधुमालती: तो निर्णय त्यांचा. फिल्ममधल्या बाकीच्या पोरांनी कुठे ठरवलं होतं?

ओसरी: वृत्तपत्राचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे बॉम्ब पडला त्या दिवशी हिरोशिमातच होते. मियुकी पुलाजवळ कॅमेरा हातात धरून वीसेक मिनिटं नुसते उभे राहिले, बटण दाबवेना. दिवसअखेर ५ फोटो हाती लागले. पुलावरच्या फोटोत बरीच माणसं पाठमोरी आहेत. नववीला आधी ते दाखवा की. फिल्म अकरावीत.

खडूफळा: ओसरी, हे सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी क्रम बदलतो, पालकांनाही आधी कळवतो. फिल्म मात्र नववीतच. ती न झोपलेली मुलगी आज तासाला होती. म्हणाली, "सर, त्या पोरांची नावं कुणी लिहून ठेवलीयत का?"

मधुमालती: मग?

खडूफळा: शोधतो म्हणालो.