युरोपात अपराजित, लीगमध्ये चौदावे: युनायटेडचं नेमकं अडतंय कुठं?

धुळ्याचा_लाल
२८ एप्रिल २०२५

काल बोर्नमथला ९६ व्या मिनिटाला मँचेस्टर युनायटेडची अब्रू आपल्या स्ट्रायकर हॉइलुंडने राखली, १-१. समोरच्यांचा माणूस सत्तराव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर गेला होता, तरी बरोबरीला एवढा वेळ. प्रीमियर लीगमध्ये ३४ सामने, ३९ गुण, १५ पराभव. हाच संघ, आणि युरोपा लीगमध्ये १२ सामन्यांत एकही हार नाही. गुरुवारी बिलबाओला अ‍ॅथलेटिकविरुद्ध सेमीफायनलचा पहिला लेग (दोन सामन्यांपैकी पहिला).

जाणकारांना विचारतो. एक, हा फरक येतो कुठून? "मूड" वगैरे सांगू नका, मैदानावर काय वेगळं होतं ते सांगा. दोन, चार मेच्या लीगमधल्या ब्रेंटफर्डच्या सामन्यात पोरं उतरवून मोकळं व्हावं की नाही? आणि बिलबाओला आपली उजवी बाजू कोण धरणार? आपला डालो जखमी, समोर त्यांचा निको विल्यम्स. हे मला सगळ्यात जास्त खातंय.


तापीकाठ

आधी आकडे, मग वाद.

लीग: ३४ सामने, ३९ गोल केले, ४७ खाल्ले. युरोप: १२ सामने, २८ केले, १७ खाल्ले, ल्यों सामन्याचा एक्स्ट्रा टाइम धरून. आता भागाकार करा. खाल्लेले गोल लीगमध्ये सामन्यामागे १.३८, युरोपात १.४२. म्हणजे बचाव दोन्हीकडे सारखाच गळका, युरोपात नखभर जास्तच. फरक सगळा पुढे आहे: १.१५ आणि २.३३.

इंग्लंडमधले मधल्या फळीतले संघ आता आपल्याला ओळखून आहेत. बॉल आपल्याकडे देतात, पेनल्टी बॉक्ससमोर दोन रांगा लावतात, आणि आपण विंगबॅककडून विंगबॅककडे (कडेने वर-खाली धावणारे दोघं) बॉल फिरवत बसतो. वोल्व्ह्सने २० तारखेला ७७ व्या मिनिटाला एक फ्री किक मारली, विषय संपला. युरोपात बोडो, सोसिएदाद, ल्यों हे संघ स्वतः बॉल खेळवतात. त्यांचा पास मध्येच कापला की समोर तीस-चाळीस मीटर रान मोकळं. आपल्या कर्णधार ब्रुनोला तेवढंच लागतं.

अपराजित या शब्दावर मात्र फार फुगू नका. पोर्तोला मॅग्वायर ९०+१ व्या मिनिटाला, प्लझेनला हॉइलुंड ८८, रेंजर्सला ब्रुनो ९०+२. हे तीन गोल पुसले तर युरोपाच्या लीग फेजचे (सुरुवातीच्या आठ सामन्यांचे) १८ गुण १३ वर येतात. तेरा गुणांत पहिल्या आठांत जागा मिळत नाही, फेब्रुवारीत प्ले-ऑफचे दोन सामने अंगावर पडले असते.


भुसावळ_जंक्शन

तापीकाठभाऊ, आकडे मान्य, कारण अर्धंच सांगितलंत. गळती कुठून होते ते राहिलं.

आपल्या ३-४-२-१ रचनेत (मागे तीन, मध्ये चार, त्यांच्यापुढे दोन, टोकाला एक स्ट्रायकर) मधल्या पट्ट्यात आपली दोनच माणसं, कासेमिरो आणि उगार्ते. समोरून तिघं आले की एक कायम सुटा. तो सुटा गडी अडवायचे दोनच मार्ग. एक तर स्ट्रायकरमागच्या दोन ‘दहा नंबर’ गड्यांपैकी एकाने खाली यायचं. मग स्ट्रायकर पुढे एकटा पडतो, आपण मारलेला लांब बॉल पाच सेकंदांत परत आपल्याच बॉक्ससमोर. नाहीतर मागच्या तिघांतल्या कडेच्या सेंटरबॅकने पुढे झेपावायचं. मग त्याच्या मागे खिंडार, आणि ते झाकायला विंगबॅक वेळेत मागे आला नसेल तर थेट गोल.

क्वार्टरफायनलचा ल्योंविरुद्धचा दुसरा लेग पुन्हा बघा, पण ४५ ते ८० मिनिटं एवढाच तुकडा. उगार्ते १० व्या मिनिटाला, डालो ४५+१, २-० झालं. त्यानंतर संघ हळूहळू मागे सरकला. दोन्ही विंगबॅक सेंटरबॅकच्या रांगेत, ३-४-२-१ चं ५-४-१ झालं. त्यांच्या मिडफिल्डला मान वर करून बघायला वेळ मिळाला, क्रॉसमागून क्रॉस आले. ७१ व्या मिनिटाला टोलिसो, लगेच टाग्लियाफिको, २-२. टोलिसो ८९ व्या मिनिटाला बाहेर गेला, तरी दहा जणांनी एक्स्ट्रा टाइममध्ये आणखी दोन मारले. हे लोक विसरतात, कारण शेवट गोड झाला.

शेवटसुद्धा नशिबाचा नव्हता. मॅग्वायर आणि मायनू पुढे, कासेमिरो मागून बॉल टाकायला. पेनल्टी कासेमिरोने मिळवली, मायनूला बॉल त्याचा, मॅग्वायरच्या डोक्यावरचा क्रॉसही त्याचाच. ११४, १२०, १२०+१ व्या मिनिटाला तीन गोल. आता जो तो म्हणतो मॅग्वायरला साठाव्या मिनिटालाच पुढे पाठवा. अरे भो, शेवभाजीत शेव ताटात वाढतानाच टाकायची असते. आधी टाकली की लगदा. मॅग्वायर पुढे गेला की मागे दोनच उरतात, ते दहा मिनिटं चालतं, तीस नाही.

बिलबाओत करायचं काय, तर आघाडी मिळाली तरी एक विंगबॅक मधल्या रेषेच्या पुढेच ठेवायचा. त्यांच्या त्या बाजूच्या खेळाडूला मग मागे बघत खेळावं लागतं. आणि बदल ६० ला, ७५ ला नाही. थकलेला विंगबॅक पंधरा मिनिटं उशिरा काढणं हे या मोसमातलं जुनंच दुखणं आहे.


कळणा_भाकरी

उजव्या बाजूबद्दल. निको डावीकडून येतो आणि उजव्या पायाने आत कापतो. त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलायचं, आत वळू द्यायचं नाही. म्हणजे विंगबॅकने, बहुतेक मझरावी असेल, त्याच्या उजव्या पायाच्या बाजूला अर्धं पाऊल सरकून उभं राहायचं आणि पाय घालायचा नाही. आतली वाट उगार्तेने बंद करायची. दोघांनी मिळून, एकट्याने नाही. उजव्या सेंटरबॅकने तर अजिबात बाहेर धावायचं नाही, भुसावळवाले म्हणतात ते खिंडार तिथेच पडतं.

दुसऱ्या टोकाला त्यांचा इन्याकी. त्याचा वेग धावत सुटल्यावर दिसतो, म्हणून आपला डावा विंगबॅक डॉर्गू वर गेलेला असताना बॉल गमावला की पहिला पास तिकडेच जाणार. तिथं गरज पडली तर फाउल करा, पण मधल्या रेषेजवळ. बॉक्सजवळ फ्री किक देऊ नका.

सान मामेस, त्यांचं घरचं मैदान, म्हणजे काय ते त्यांचे घरचे निकाल बघून कळेल. या मोसमात युरोपात घरी सहापैकी सहा जिंकले, सहा सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले. शिवाय फायनल २१ मेला त्याच मैदानावर. त्यांच्या प्रशिक्षक वाल्वेर्देला संघासमोर वेगळं भाषण द्यायची गरज नाही.


धुळ्याचा_लाल

पटलं. म्हणजे तिकडे १-१ केलं तरी चालेल ना? बाहेरचा एक गोल हाताशी राहतो.


तापीकाठ

नाही राहत. बाहेरच्या गोलाचा नियम (बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचा) २०२१-२२ पासून गेला. १-१ म्हणजे नुसती बरोबरी, ओल्ड ट्रॅफर्डला शून्यापासून. दोन्ही लेग मिळून बरोबरी असेल तर एक्स्ट्रा टाइम, तिथे पाचाच्या वर सहावा बदल मिळतो, मग पेनल्टी.

कार्डांचं गणित आपल्या फायद्याचं आहे. क्वार्टरफायनलनंतर जुनी पिवळी कार्डं पुसली जातात. तिसऱ्या पिवळ्याला एक सामना बंदी हा नियम, म्हणजे सेमीच्या दोन्ही लेगमध्ये पिवळं मिळालं तरी फायनल चुकत नाही. चुकेल ती फक्त लालने. कासेमिरोला बिनधास्त फाउल करू द्या.

अडचण स्ट्रायकरची. झिर्कझी न्यूकॅसलला स्नायू धरून बसला, सध्या बाहेर. चिडो ओबी लीगमध्ये उतरतो पण युरोपात खेळू शकत नाही, क्लबमध्ये पुरेसा काळ झाला नसल्याने यूएफाच्या (युरोपीय फुटबॉल संघटनेच्या) यादीत बसत नाही. म्हणजे हॉइलुंड दमला की थेट मॅग्वायरच, शेव म्हणा नाहीतर काही म्हणा.


भुसावळ_जंक्शन

ब्रेंटफर्डचं राहिलं. बिलबाओचा सामना सुरू झाल्यापासून ब्रेंटफर्डच्या किक-ऑफपर्यंत ६६ तास. त्यात विमानप्रवास. लीगमधून खालच्या विभागात जायची भीती उरलेली नाही, साउथहॅम्प्टन, लेस्टर आणि आता इप्सविच, तिन्ही जागा भरल्या. वर जायलाही काही नाही. एका क्रमांकामागे साधारण ३० लाख पौंड मिळतात हे खरं, पण युरोपा जिंकलं की थेट चॅम्पियन्स लीग, त्या पैशापुढे हे चिल्लर. ब्रुनो, कासेमिरो, मॅग्वायर यांना हात लावू नका. ओबीला तिकडे नव्वद मिनिटं द्या, इकडे त्याचा उपयोग नाहीच.


कळणा_भाकरी

इथं मी अडणार. सगळे अकरा बदलू नका. या रचनेत विंगबॅक आणि कडेचा सेंटरबॅक यांची जोडी जमायला सामने लागतात. डॉर्गू फेब्रुवारीत आला, त्याला विश्रांतीपेक्षा सराव जास्त हवा. तासभर खेळवा आणि काढा. मागचे तीन आणि विंगबॅक यांच्यातला एक तरी धागा तसाच ठेवा, नाहीतर ८ तारखेला ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा ओळख करून घ्यावी लागेल.


अमळनेर_११

खेळावरचं तुम्ही बघा, वेळेचं मी सांगतो, दर वेळी दोघं-चौघं चुकतातच. बुधवारी आखाजी (अक्षय्य तृतीया), गुरुवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि सामना गुरुवारची रात्र उलटून साडेबाराला. म्हणजे तारीख २ मे, शुक्रवार, सकाळी कामावर जायचंय. आखाजीचा पत्त्यांचा डाव दोन रात्री लांबवणाऱ्यांनी जपून. युरोपाचे सामने सोनीवर, प्रीमियर लीग स्टारवर, आयत्या वेळी रिमोट बडवत बसू नका.

पहिल्या लेगला एक्स्ट्रा टाइम नाही, अडीचच्या आत मोकळे. ८ मेच्या रात्री मात्र साडेतीनची तयारी ठेवा. या उन्हात रात्रीही लाइट जाते. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल तर टीव्ही, पंखा आणि राउटर मिळून दोनेकशे वॅट, चार-पाच तास सहज निघतात. कूलर त्यावर लावू नका, तिथंच गणित फसतं. छतावर मोबाइल लावून अ‍ॅपवर बघणार असाल तर ग्रुप बंद ठेवा. अ‍ॅप टीव्हीच्या मागे चालतं, गोलची बोंब आधी येते.


धुळ्याचा_लाल

आणि फायनलला स्पर्स (टॉटनहॅम) आले तर? ते सोळावे, ३७ गुण. आपल्यापेक्षा वाईट.


तापीकाठ

वाईट असतील, पण या मोसमात तीनदा भेटलो, तीनदा हरलो. ३-०, ४-३, १-०. त्याचा धागा वेगळा काढा भाऊ, आधी निकोला आत वळू न देण्याचं बघू.