मदत हवी आहे : बेघर राहिलेल्या तरुणांच्या घरांसाठी नियम किती असावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण १८ ते २४ वयाच्या, रस्त्यावर किंवा मित्रांकडे दिवस काढलेल्या मुलामुलींसाठी स्वस्त भाड्याच्या आठ खोल्या चालवतो. भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत, शिवाय मदतीला एक कार्यकर्ती. भाड्याचं गणित कसंबसं जमतं, अडतंय ते नियमांवर.

एक मुलगा किल्ली मिळून तीन आठवडे झाले तरी बूट घालून, पिशवी उशाशी घेऊन जमिनीवर झोपतो. पलंग तसाच, प्लास्टिकही काढलेलं नाही. अशाला ‘रात्री दहाच्या आत या’ सांगायचं कसं? १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘हाउसिंग फर्स्ट’ पद्धतीत आधी घर देतात, उपचार किंवा व्यसनमुक्तीची अट घालत नाहीत. मला ते पटतं. पण ती मुख्यतः मोठ्यांसाठी होती. इथे काहींना साधं वीजबिलही कधी भरावं लागलेलं नाही.

ज्यांनी असं काम केलंय किंवा स्वतः अशा घरात राहिलेत, त्यांना विचारतो : पाहुण्यांचं काय करता? भाडं थकलं तर किती थांबता? आणि राहण्याला दोन वर्षांची मुदत ठेवावी का? मला तर ती पहिल्याच दिवशी बाहेरचं दार दाखवल्यासारखी वाटते.