उरलेली वर्गणी आणि माणगावचा पोवाडा

प्रेषक: सु. (मुक्काम कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

महिनाभर शिवाजी पेठेत माहेरी आहे. शेजारचा एक शाहीर पोरगा माणगाव परिषदेवर पोवाडा रचायलाय. मार्च १९२० मधली, बहिष्कृत वर्गाची, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात होते ती. दिवसा गॅरेज, रात्री लिखाण. वहीत डाव्या पानावर कडवी, उजव्या पानावर माणगावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, आणि कडांना ग्रीसचे अंगठे.

त्याला कुणीतरी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधल्या व्हेरा लिस्ट सेंटरचं नाव सांगितलं. १९९२ पासूनची संस्था. कला आणि राजकारण यांवर काम करणाऱ्या कलावंतांना, अभ्यासकांना फेलोशिप देते. पण तिथं दोन-दोन वर्षांसाठी एक विषय ठरतो आणि सगळं त्याभोवती चालतं. शिवाय इंग्रजीत लिहायचं. "ताई, डफ घेऊन म्हणून दाखवलं तर चालंल का?" मी काय सांगणार, कप्पाळ!

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाकडं गणपतीची वर्गणी उरलीय. शाल-श्रीफळ नको. वर्षभर महिन्याला ठरावीक रक्कम देऊ या, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस तरी गॅरेज सुटेल.

सु.

प्रेषक: खजिनदार

सुताई,

हेतू चांगला, पण मंडळात राजकारण नको. आपली करसवलत जायची. दिल्लीचं संस्कृती मंत्रालय देतंच की ज्युनियर फेलोशिप, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. तिकडे अर्ज करू दे. आणि इथून पैसे पाठवायचे तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतातल्या कायद्याचं, झेंगट आहेच.

प्रेषक: सु.

काका,

करसवलतीचा नियम निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचार करू नका म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीच्या परिषदेत उमेदवार कोण होता? मंत्रालयाचा अर्ज भरूच, पण तिकडून काही कळेपर्यंत पोरानं गॅरेजातच रात्र करायची का? एफसीआरएचं मात्र तुमचं खरं. इथल्या सीएंना विचारून कळवते. जमत नसेल तर मी माझ्या इथल्या खात्यातून देईन, मग मंडळाचा प्रश्नच नाही.

बाकी 'राजकारण नको' हे तुम्ही म्हणावं? गेल्या गणपतीत शाहू महाराजांवर पाऊण तास भाषण ठोकलंत, प्रसादाचा शिरा गार झाला. गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवणारे तेच, १९१५ ला पॅलेस थिएटर उभं करणारे तेच, आणि बाबासाहेबांच्या 'मूकनायक' पत्राला २,५०० रुपये देणारेही तेच. गाणं एका खिशातून आणि राजकारण दुसऱ्या खिशातून, असं त्यांनी केलं नव्हतं.

तीन कडव्यांचं रेकॉर्डिंग जोडलंय. मधली शिट्टी कुकरची आहे. आमच्या स्वयंपाकघरातच म्हटलंय त्यानं.

सु.