आरटीआयचा हप्ता भरला, गाडीही गेली, तरी क्लेम नामंजूर: दोष कुणाचा?

लातूरकर (धागा सुरू)
गाडी टोटल लॉस झाली किंवा चोरीला गेली, की आयडीव्ही (घसारा वजा करून विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि शोरूमच्या बिलातला फरक देणारं विम्याचं जादा कव्हर म्हणजे रिटर्न टू इन्व्हॉइस, आरटीआय. 10 लाखांची पेट्रोल गाडी दीड वर्षाची झाली की घसारा 20 टक्के, आयडीव्ही 8 लाख. फरक 2 लाख. पॉलिसीत रोड टॅक्स धरला असेल तर 11 टक्क्यांचे आणखी 1 लाख 10 हजार.

माझं मत असं की नकार बहुतेक वेळा मालकच ओढवून घेतो. मूळ ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम पडला की आरटीआय पडलंच. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नसराईत भाड्यानं द्यायची, सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीत चढवायचं नाही, रिन्यूअलला खंड पाडायचा, आणि वर कंपनीला लुटारू म्हणायचं, हे पटत नाही. सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी तर शर्त वाचावीच: बहुतेक पॉलिसींत हे कव्हर पहिल्या मालकापुरतंच असतं.

जालना २१
पूर्ण असहमत. खरी मेख 75 टक्क्यांत आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढं गेला तरच टोटल लॉस, म्हणजे तुमच्याच उदाहरणात 6 लाख. रात्री उसाच्या बिनरिफ्लेक्टर ट्रॉलीवर मागून आदळलेल्या गाडीचं गॅरेजचं एस्टिमेट समजा 6 लाख 40 हजार. नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर वायरिंग हार्नेससमोर ‘बदल’ऐवजी ‘दुरुस्ती’ लिहितो, चॅसिसचा पुढचा भाग ‘ओढून सरळ’ करायला सांगतो, आणि आकडा 5 लाख 80 हजारांवर येतो. आरटीआय शून्य. ठोकलेली गाडी मालकाच्या गळ्यात. यात त्यानं काय चुकवलं?

लातूरकर
तिथंच हरकत घ्यायची असते, दादा. गाडी खोलायच्या आधी दुरुस्तीच्या संमतीवर सही करू नये. खोलल्यावर जे तुटलेलं निघेल त्याचं पुरवणी एस्टिमेट फोटोंसह द्यावं आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागावी. ती मिळणं हा हक्क आहे.

बिंदुसरा काठ
भाड्याच्या गाडीला काहीच मिळत नाही, असं समजून लोक घरी बसतात. 2010 च्या अमलेंदू साहू निकालात खासगी गाडी भाड्यानं दिली होती, तरी सर्वोच्च न्यायालयानं ‘नॉन स्टँडर्ड’ तत्त्वावर, म्हणजे अट मोडली तरी काही रक्कम कापून, पैसे द्यायला लावले. वापराची अट मोडली तर या तत्त्वात क्लेमच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम बसते. मात्र असा क्लेम ‘मान्य’ धरून आरटीआय द्यायचं की नाही, यावर कंपनी भांडते. म्हणून पहिल्याच पत्रात आयडीव्ही आणि आरटीआय, दोन्ही रकमा वेगळ्या मांडून मागा.

चोरीतही तेच. एफआयआर लगेच झाला असेल आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला असेल, तर तेवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. गुरशिंदर सिंग, 2020.

गोदातीर, नांदेड
निकालांची दुसरी बाजूही सांगा. सुशीलकुमार गोदारा, 2021: तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती, गाडी चोरीला गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा नकार कायम ठेवला. आरटीआय नव्या गाड्यांनाच असतं, त्यामुळं हा धोका यांनाच जास्त. आवडत्या नंबरसाठी नोंदणी लांबवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

चोरीच्या फायलीत दोन्ही चाव्या लागतात. एक हरवली असेल तर ती तक्रार चोरीच्या आधीची हवी. पोलिसांची ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा अहवाल) येईपर्यंत पैसे हलत नाहीत.

पुराचं तर फार वाईट होतं. सप्टेंबर 2025 सारख्या पाण्यात गाडी बुडाली, ओसरल्यावर सेल्फ मारला, की पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर नसेल तर कंपनी इंजिनाचा खर्च बाजूला काढते. मग उरलेला आकडा 75 टक्के गाठत नाही आणि आरटीआयही हातचं जातं. बुडालेली गाडी सुरू करूच नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो घ्या, टो करून न्या.

जालना २१
हे सगळं गाडी विकताना कोण सांगतं? शोरूममधला माणूस ‘पूर्ण बिल मिळेल’ एवढंच बोलतो. बिलातले सीट कव्हर आणि एक्स्टेंडेड वॉरंटी त्यात धरत नाहीत, हे तो सांगत नाही. कर्जाचंही तसंच: पैसे आधी बँकेकडं जातात, थकलेले हप्ते आरटीआय भरत नाही. न सांगितलेल्या अटीची शिक्षा गिऱ्हाइकाला, हे मी मान्य करणार नाही.

बिंदुसरा काठ
मग तोंडी नकार घेऊन उठायचंच नाही. कलम क्रमांकासह लेखी कारण मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल: 50 लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही, मुदत एक वर्ष. जिल्हा ग्राहक आयोगाला दोन वर्षं मिळतात, पण तिथं प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. 75 टक्क्यांचा वाद असेल तर गाडी दुरुस्त होण्याआधी दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट काढून ठेवा. दुरुस्त झालेल्या गाडीवर हा वाद लढवणं फार अवघड.