स्नोशू घालून बर्फात चालायचंय, गुडघे टिकतील का?

फैजपूरचा केळीवाला:
नमस्कार मंडळी. वय 58, वजन 82 किलो. लेक कॅनडात ओटावाला असते, जानेवारीत आम्ही दोघं तिकडे जातोय. जावई म्हणतात, पप्पा, गॅटिनो पार्कात स्नोशूवर फिरायला जाऊ. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा तीनदा केलीय, पालच्या जंगलात नेहमी जातो, चालण्याची भीती नाही. पण बर्फ म्हणाल तर तोरणमाळला एकदा पहाटे गवतावर गोठलेलं दव पाहिलं, तेवढंच. ते जाळीदार खडावासारखं पायाला बांधून चालायचं कसं? आणि उजवा गुडघा कुरकुरतो.

जळगावकर, सध्या माँट्रियल:
काका, पाट सोडलेल्या बागेत पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकतो ना, तेच हे. वजन पसरतं, त्यामुळे ताज्या बर्फात गुडघ्यापर्यंत जाणारा पाय थोडाच खचतो. टाच मोकळी असते, म्हणून चाल साधीच, फक्त पाय जरा फाकवून टाकायचे. मांड्या भरून येतील. गुडघ्यासाठी दोन काठ्या घ्या, खाली रुंद चकती असलेल्या. पिशवी धरून 85 किलोला 25 इंची चालेल, बर्फ फारच भुसभुशीत असेल तर 30 इंची. विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात. हिवाळ्यात तिथले काही रस्ते गाड्यांना बंद करून स्कीसाठी ठेवतात. स्कीच्या आखलेल्या चाकोरीवर पाय देऊ नका, लोक चिडतात आणि त्यांचं बरोबरच आहे. स्नोशूच्या वाटा वेगळ्या आहेत. पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, दुपारी लवकर परत फिरा.

धुळ्याची ताई:
मी उत्तराखंडातला केदारकांठ्याचा बर्फातला ट्रेक केलाय. तिथे वाट तुडवून घट्ट झाली होती, बुटाला काटेरी साखळी लावून भागलं. स्नोशू लागतात ते न तुडवलेल्या बर्फात. पण भाऊ, सुती बनियन घालू नका! घामाने ओलं होतं आणि थांबलं की अंग गार पडतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक घाला. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घामाघूम. काळा चष्माही घ्या, बर्फावरून ऊन डोळ्यात येतं.

जळगावकर, सध्या माँट्रियल:
ताई बरोबर. पाण्याची बाटली उलटी ठेवा, गोठायला वरून सुरुवात होते, म्हणजे तोंड मोकळं राहतं. कळण्याची भाकरी नेणार असाल तर जॅकेटच्या आत, पिशवीत ठेवली तर दगड होईल. आणि मागे पाऊल टाकू नका, गोल वळा.

फैजपूरचा केळीवाला:
ते शेवटचं वाक्य उशिरा वाचलं. काल बागेत पाणी सोडलं होतं, खोक्याच्या दोन फळ्या सुतळीने पायाला बांधून पाहिल्या. दहा पावलं झकास गेलो, रुतलो नाही. मागे सरकलो तर डाव्या फळीवर उजवी चढली आणि चिखलात बसलो. सालदार अजून हसतोय. बनियन मात्र बॅगेतून काढलेत, सहाच्या सहा.